पाच दिवसांच्या गोळ्या

रायनोस्क्लेरोमा हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो गेंड्याचा आजार वाटला होता. ऱ्हायनो म्हणजे ग्रीकमध्ये नाक आणि स्क्लेरो म्हणजे कडक, हे नंतर कळलं. (गेंड्यालाही त्याचं इंग्रजी नाव नाकावरूनच मिळालंय, त्यामुळे माझा अंदाज अगदीच वाया गेला नाही.) अमरावतीला डीएमएलटी करताना आमच्या पुस्तकात या आजारावर जेमतेम दोन ओळी होत्या. क्वचित आढळतो, जिवाणूंमुळे होतो, नाकापासून सुरू होऊन श्वासनळीपर्यंत जातो. परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही त्या ओळींवर रेघसुद्धा मारली नव्हती.

तो आजार माझ्या आत्याला झाला. तिचं नाव इथे देत नाही, तिच्या डॉक्टरांचीही देत नाही. ती दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. तीन एकर शेत, कपाशी, तूर, पाऊस बरा झाला तर हरभरा. हा सगळा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे माणसाला काहीही झालं, पोट बिघडलं, मूतखडा झाला, केस गळले, तरी गावात पहिलं बोट पाण्याकडे जातं. आत्याचं नाक चोंदलं तेव्हाही ते तिकडेच गेलं.

२०१९ची दिवाळी झाली होती. कापूस वेचायचे दिवस. सगळ्यांच्याच नाकातोंडात धूळ जाते, सगळेच शिंकतात, कोणी लक्ष देत नाही. पण आत्याच्या नाकात खपल्या धरायला लागल्या. खपली काढली की रक्त यायचं. नाकाला घाण वास यायचा, आणि तो तिला स्वतःला येत नव्हता. घरातले बोलताना तोंड जरा बाजूला करतात हे तिच्या लक्षात यायला महिना गेला. शेजारच्या आजींनी त्याला पीनस म्हटलं आणि नाकात तूप सोडायला सांगितलं. तूपही सोडून झालं.

मग ती तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे गेली. पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. बरं वाटलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

इथे मला आत्याच्या पिशवीबद्दल सांगितलं पाहिजे. वऱ्हाडात प्रत्येक घरात दवाखान्याची एक पिशवी असते. साडीच्या दुकानाची, बंदाची, खुंटीला टांगलेली. तिच्यात चिठ्ठ्या, एक्स-रे, रिकाम्या पट्ट्या, सोनोग्राफीचे काळे कागद, सगळं कोंबलेलं असतं. डॉक्टर बदलला तरी पिशवी तीच. ती कोणी उघडून क्रमाने वाचत नाही. डॉक्टरला वेळ नसतो आणि घरच्यांना वाचता येत नाही. पुढे मी एका रविवारी आत्याची पिशवी जमिनीवर ओतली आणि चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. २०१९ ते २०२३, अकरा चिठ्ठ्या. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, पुन्हा अ‍ॅमॉक्सिसिलिन. तीन चिठ्ठ्यांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन. प्रत्येक औषधापुढे दिवस लिहिलेले. कुठे तीन, बहुतेक ठिकाणी पाच, एकदा सात. ही तीन सिप्रोफ्लॉक्सॅसिनवाली पानं मी वेगळी काढून ठेवली. का, ते पुढे येईल.

२०२० तर लॉकडाऊनमध्येच गेलं. फेब्रुवारी २०२१मध्ये कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात सुरुवातीलाच आमच्या अमरावती-अकोल्यात दिसू लागली, पुन्हा सगळं बंद झालं. त्या वर्षी ज्याचं नाक वाहतं तो माणूस एसटीत बसू शकत नव्हता. आत्या घरात बसून राहिली. तिच्या उजव्या नाकपुडीत आता मांस वाढलं होतं. हाताला टणक लागायचं. नाकाची पाळी हळूहळू रुंद होत होती. नाकातला खडा घट्ट बसायला लागला म्हणून तिने तो काढून डबीत ठेवला.

२०२१च्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. पॉलिप आहे, काढून टाकू, असं सांगितलं होतं. काढलं. ती मोकळा श्वास घ्यायला लागली, घरात पेढे वाटले. मी तेव्हा नुकतीच अकोल्याच्या लॅबमध्ये लागले होते. फोनवर मी फुफाजींना विचारलं, काढलेलं मांस तपासायला पाठवलं का? त्यांना प्रश्नच कळला नाही. "काढून फेकलं ना, आता तपासून काय करतं?" डिस्चार्ज कार्डावरही तपासणीचा उल्लेख नव्हता. शरीरातून काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो तुकडा मिळाला असता तर पुढची दीड वर्षं वाचली असती. तो कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून गेला.

२०२२च्या पावसाळ्यात मांस परत वाढलं. यावेळी दोन्ही बाजूंनी. आणि आवाज घोगरा झाला.

मध्ये एकदा टीबीची तपासणी झाली. ते बरोबरच होतं. आपल्याकडे महिनोन् महिने चालणाऱ्या कुठल्याही श्वासाच्या तक्रारीत टीबी आधी बघायलाच हवा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ट्रूनॅट मशीन आलं होतं. हे मशीन गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, बेडक्यातल्या टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधतं आणि तास-दोन तासांत उत्तर देतं. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. उत्तर आलं, टीबी नाही. मशीनला जे विचारलं त्याचं त्याने बरोबर उत्तर दिलं होतं. टीबी नाही तर मग काय, हे त्याला कोणी विचारलेलं नव्हतं, आणि ते त्याला सांगताही आलं नसतं. पुन्हा पाच दिवसांच्या गोळ्या.

याच सुमारास गावात दुसरंच नाव फिरायला लागलं. मोठ्याने कोणी म्हणत नव्हतं. आत्याच्या मुलीसाठी, म्हणजे माझ्या आतेबहिणीसाठी, अकोटकडचं एक स्थळ आलं होतं. पोरगी पसंत होती. मग मंडळींनी निरोप पाठवला की सध्या थांबू. मध्यस्थाने फुफाजींना बाजूला घेऊन विचारलं, "वहिनीच्या नाकाले काय झालं? मोठा रोग तं नाई ना?"

मोठा रोग म्हणजे कुष्ठरोग. अमरावतीत हा शब्द कसा वाजतो ते बाहेरच्यांना सांगणं अवघड आहे. आमच्याच शहरात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६मध्ये तपोवन उभं केलं. घरच्यांनी हाकलून दिलेल्या माणसांनी तिथे शेती केली, सुतारकाम केलं, सतरंज्या विणल्या. आम्ही शाळेच्या सहलीला तिथे जायचो. कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, औषध फुकट मिळतं, हे आम्ही चौथीत पाठ केलं होतं. तरी लग्नाच्या बैठकीत तो शब्द आला की चौथीचा धडा कोणाला आठवत नाही.

खरं तर नाकाकडे नीट बघितलं असतं तरी फरक दिसला असता. कुष्ठरोगात नाकाचा पूल खचतो, नाक मध्ये बसतं. आत्याचं नाक खालून पसरत चाललं होतं, पाळ्या जाड आणि टणक. उलट दिशेचा आजार. पण एवढं बारकाईने बघायला आधी त्या चेहऱ्याकडे बघायची तयारी लागते. लोक नजर चुकवत होते. आत्याने हळदीकुंकवाला जाणं बंद केलं. पदर नाकावर घ्यायला लागली. मी एकदा गेले तेव्हा ती मला म्हणाली, "पोरी, मले मरायचं भेव नाई वाटत. पन हे नाव घेऊन नाई मरायचं."

फेब्रुवारी २०२३मध्ये तिला अकोल्याला आणलं ते नाकासाठी नाहीच. रात्री झोपेत तिच्या गळ्यातून आवाज यायला लागला होता. घोरण्यासारखा नाही. श्वास आत घेताना शिट्टीसारखा. फुफाजींनी मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवला. मी तो लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत ऐकला आणि डबा तसाच झाकून ठेवला.

ज्या कान-नाक-घसा मॅडमचे नमुने आमच्याकडे येतात, त्यांच्याकडे मी आत्याला घेऊन गेले. मॅडमनी दुर्बीण नाकातून घातली, मग घशात उतरवली. नाकात दोन्हीकडे गुलाबी-राखाडी गाठी. आणि स्वरयंत्राच्या खाली, जिथून श्वासनळी सुरू होते, तिथे आतून सूज येऊन वाट अरुंद झालेली. हे नाकापासून इतक्या लांब कसं, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलेलं मला फार आवडलं. श्वासमार्गाचं आतलं अस्तर सगळीकडे एकसारखं नसतं. काही ठिकाणी ते बदलतं, कातडीसारखं अस्तर संपतं आणि केसाळ, ओलसर अस्तर सुरू होतं. नाकाच्या तोंडाशी अशी एक शिवण आहे, स्वरयंत्राखाली दुसरी. हा जंतू या शिवणींवर घर करतो. म्हणजे मॅडमच्या मनात नाव तेव्हाच आलं होतं. त्यांनी ते उच्चारलं मात्र नाही. "आधी तुकडा बघू," म्हणाल्या. वाट अजून अरुंद झाली तर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागेल, हेही त्यांनी आत्याच्या तोंडावरच सांगितलं. आत्याने फक्त एवढं विचारलं, की नळी बसवली तर वेचणीला जाता येते का.

मग मॅडमनी दोन प्रश्न विचारले. आधी काढलेल्या गाठीचा रिपोर्ट? नाही. सध्या काही गोळ्या चालू? हो, चार दिवसांपासून. यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. जंतू वाढवून बघायचे असतील तर आधी काही दिवस अँटिबायोटिक बंद हवं. पण गळ्यातली शिट्टी ऐकता थांबायला वेळ नव्हता. त्यांनी त्याच दिवशी दोन तुकडे घेतले आणि दोन डब्यांत ठेवले. एका डबीत फॉर्मलिन, दुसरीत साधं सलाइन. फॉर्मलिनमध्ये पेशी जशाच्या तशा राहतात, पण जंतू मरतात. सलाइनमध्ये जंतू जिवंत राहतात. एकाच डबीत दोन्ही कामं होत नाहीत. घरात कोणाची गाठ काढणार असतील तर डॉक्टरांना हे जरूर विचारा: तपासायला जाणार का, आणि कल्चरसाठी वेगळा तुकडा घेणार का. विचारल्याने कोणी रागावत नाही. रागावलं तर रागावू द्या.

फॉर्मलिनची डबी आमच्या लॅबला आली. मी नंबर टाकला. नंबर टाकला की माणसाचं नाव मागे पडतं, एरवी ते मला बरं वाटतं. तांदळाच्या चार दाण्यांएवढे तुकडे. रात्रभर ते चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून फिरतात, त्यांच्यातलं पाणी निघून जातं. मग झायलीन, मग वितळलेलं मेण. सकाळी मेणाचा चौकोनी ब्लॉक तयार होतो. तो मायक्रोटोमला लावून पात्याने काप काढायचे, तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे. केसाच्या जाडीचे पंधरा-वीस भाग केले तर त्यातला एक. काप कोमट पाण्यावर तरंगतो, त्याला काचेवर अलगद उचलायचं. अकोल्याच्या उन्हाळ्यात हे काम म्हणजे शिक्षा आहे. मेण मऊ पडतं, काप चुरगळतो, आम्ही ब्लॉक बर्फावर ठेवून कापतो. नशीब फेब्रुवारी होता. मग दोन रंग, केंद्रकं निळी, बाकीचं गुलाबी. माझं काम तिथे संपतं. वाचायचं काम सरांचं.

सर स्लाइड बघताना गाणं गुणगुणतात. त्या दिवशी गुणगुणणं मध्येच थांबलं. त्यांनी मला दुसऱ्या आयपीसला डोळा लावायला सांगितला. गुलाबी पेशींच्या गर्दीत मोठमोठ्या, आतून पोकळ, साबणाच्या फेसासारख्या पेशी होत्या. आणि मध्ये मध्ये डाळिंबाच्या दाण्यांसारखे चकचकीत गुलाबी मणी. सर नागपूरला शिकत होते तेव्हा त्यांनी अशा दोन-तीन स्लाइड पाहिल्या होत्या. "मिकुलिच सेल," ते म्हणाले, "आणि हे मणी म्हणजे रसेल बॉडी. पण लगेच लिहायचं नाही."

लगेच न लिहिण्याचं कारण ऐकून माझ्या हातापायातलं बळ गेलं. फेसाळ पेशी कुष्ठरोगातही दिसतात. म्हणजे गावातल्या लोकांना चेहऱ्यावर जो घोटाळा झाला, तोच काचेवरही होऊ शकत होता. त्याच ब्लॉकचे मी आणखी काप काढले. एक कुष्ठरोगाच्या जंतूंसाठीच्या खास रंगासाठी, एक टीबीसाठी, एक बुरशीसाठी, एक गिम्साचा. २०२१च्या काळ्या बुरशीच्या दिवसांपासून नाकाचा तुकडा आला की बुरशीचा रंग आमच्याकडे सवयीनेच लागतो. कुष्ठरोगाची स्लाइड सरांनी दोनदा पाहिली, मग मी पाहिली, मग पुन्हा सरांनी. लाल दांडी एकही नाही. टीबी नाही. बुरशी नाही. गिम्सात फेसाळ पेशींच्या पोकळ्यांत आखूड दांड्यांसारखे जंतू बसलेले दिसले.

त्या रात्री मी रिपोर्टच्या आधी आत्याला फोन केला. नियमात बसत नाही, पण केला. मी म्हणाले, मोठा रोग नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "कागदावर लिवून देतीन का?"

या आजाराचं नाव १८७०मध्ये व्हिएन्नात पडलं. फर्डिनांड फॉन हेब्रा हे तिथले नामांकित त्वचारोगतज्ज्ञ. त्यांना ही गाठ कॅन्सरसारखी वाटली होती. १८७७मध्ये मिकुलिच यांनी त्या फेसाळ पेशींचं वर्णन केलं आणि ही सूज आहे, कॅन्सर नाही, असं म्हटलं. १८८२मध्ये फॉन फ्रिश यांनी त्यात जंतू दाखवला. आज त्याला क्लेबसिएला न्यूमोनिए रायनोस्क्लेरोमॅटिस असं लांबलचक नाव आहे. बारा वर्षांत गाठीपासून जंतूपर्यंतचा प्रवास, तोही अँटिबायोटिकचं नाव नसताना. आत्याच्या नाकाला त्यातली पहिली पायरी गाठायलाच तीन वर्षांच्या वर लागली, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा हा युरोपातही होता, विशेषतः पूर्व आणि मध्य युरोपात. राहणीमान सुधारलं तसा तिथून कमी होत गेला. आता तो मध्य अमेरिका, इजिप्त आणि आफ्रिकेचे काही भाग, आणि भारतात आढळतो. मध्य भारतातून त्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांमध्ये नोंदले गेले आहेत. तो चटकन पसरत नाही. बराच काळ एका खोलीत दाटीने राहणाऱ्यांत, पोषण कमी असलेल्यांत तो रुजतो. शरीरात लोह कमी असण्याशीही त्याचा संबंध जोडला गेला आहे. बायकांमध्ये जरा जास्त दिसतो. आत्याचं हिमोग्लोबिन आठ होतं. दुर्मीळ हा शब्द मला तेव्हापासून खटकतो. तुकडा काढून तपासला नाही तर हा आजार पॉलिप म्हणूनच राहतो आणि पॉलिप म्हणूनच मोजला जातो. टीबीचा रुग्ण सापडला की २०१२पासून सरकारला कळवावं लागतं. याच्यासाठी तशी सक्ती नाही. मग आमच्या भागात तो दुर्मीळ आहे की नुसता न पाहिलेला, हे कशावरून ठरवायचं?

सलाइनच्या डबीचं कल्चर कोरं आलं. काहीच वाढलं नाही. चार दिवसांच्या गोळ्यांनी एवढं काम चोख केलं होतं. तसंही या आजारात कल्चर साधारण निम्म्या रुग्णांतच जंतू दाखवतं, पण आत्याला ती अर्धी संधीही मिळाली नाही. कल्चर आलं असतं तर कोणती औषधं लागू पडतात तेही कळलं असतं. अर्धवट औषध आजार बरा करत नाही आणि लॅबच्या डोळ्यांवर पट्टी मात्र बांधतं. आजार ओळखीपलीकडे बारीक होतो आणि आत बसून राहतो.

आत म्हणजे अक्षरशः आत. त्या फेसाळ पेशी म्हणजे शरीराच्या शिपाई पेशी. त्या जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत. जंतू त्यांच्या पोटात सुरक्षित बसतो. पाच दिवस गोळ्या घेतल्या की बाहेरचे मरतात, सूज उतरते, माणूस म्हणतो बरं झालं. आतले वाट बघतात. म्हणून औषध पेशीच्या आत शिरणारं हवं आणि महिनोन् महिने हवं. पूर्वी यासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि टेट्रासायक्लिन देत. आता सिप्रोफ्लॉक्सॅसिन देतात.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन. आत्याच्या पिशवीतली ती तीन पानं मी इथे आठवली. जी गोळी शेवटी तिला लागू पडली, ती तिला आधी तीनदा मिळाली होती. चार-पाच रुपयांची गोळी. एकदा पाच दिवस, पुन्हा पाच दिवस, एकदा सात. औषध बरोबर होतं, दिवस कमी होते, आणि किती दिवस द्यायचं ते आजाराचं नाव कळल्याशिवाय ठरत नाही. त्या डॉक्टरांवर मी सगळं ढकलत नाही. समोर सत्तर पेशंट रांगेत, प्रत्येकाला शंभर रुपयांत आजच बरं व्हायचंय. पण तीनदा तीच गोळी लिहिताना मागची चिठ्ठी बघितली असती तर एवढं तरी दिसलं असतं की ती लागू पडते आणि आजार परत येतो. तो नुसता साधा सर्दी-पडसं नाही हे त्यातच लिहिलेलं होतं.

खरी मेहनत पुढे होती. पहिल्या पाच आठवड्यांत रात्रीची शिट्टी थांबली. गळ्याला नळी बसवायची वेळ आली नाही. सहाव्या आठवड्यात आत्याने जाहीर केलं की आता बरं झालं. तिच्या आयुष्यात गोळ्या बरं वाटेपर्यंतच घेतात. तिला समजावायला मला काप काढण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. "बरं वाटून राह्यलं तरी गोळ्या कायले?" हा प्रश्न चुकीचा नाही. आजवर तिला दिलेली प्रत्येक चिठ्ठी हेच शिकवत आली होती. मी तिला तणाचं उदाहरण दिलं. वरून कापलेला हराळीचा पट्टा. ती हसली, म्हणाली, "हराळी तं नांगरूनही जात नाई." पण ऐकलं.

दुसरी अडचण दुधाची. सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधाबरोबर घेतलं की दुधातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं, औषध रक्तात कमी उतरतं. लोहाच्या गोळीनेही तेच होतं. आणि आत्याला रक्त कमी म्हणून लोहाची गोळी चालू, आणि गोळ्या गरम पडतात म्हणून प्रत्येक गोळी ती कपभर दुधाबरोबर गिळायची. आधीच्या पाच-पाच दिवसांतही असंच गिळलं असणार. मी तिच्या फोनमध्ये चार अलार्म लावून दिले, गोळ्यांच्या पट्ट्यांवर रंगीत ठिपके दिले. निळा ठिपका पाण्याबरोबर, लाल ठिपका दुपारी. उन्हातही जपायला सांगितलं होतं, या औषधाने कातडी उन्हाला लवकर भाजते. मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे, शेतात काम करणाऱ्या बाईला उन्हात जाऊ नका म्हणणं किती सोपं असतं ते मॅडमनाही कळत होतं. ती पहाटे पाचला शेतात जायची आणि नऊला परत यायची. टाच दुखली तर लगेच कळवायचं, स्नायूबंधांना या औषधाने इजा होऊ शकते. एकदा दुखली. ती काट्याची निघाली.

तुमच्या घरातही अशा अर्ध्या पट्ट्या असतील. फोन बाजूला ठेवून डबा उघडून बघा. पट्टीच्या मागे उभी लाल रेघ दिसली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. २०१६मध्ये आरोग्य मंत्रालयाने या रेघेची मोहीम काढली होती. त्याआधी १ मार्च २०१४पासून टीबीची औषधं आणि काही अँटिबायोटिक वेगळ्या यादीत घातली गेली, त्यांची विक्री दुकानदाराने वहीत लिहायची. माझ्या खोलीजवळच्या मेडिकलमध्ये मी ती वही मागितली होती, नुसती बघायला. त्याने मला वर्षभराचं कॅलेंडर भेट दिलं.

ऑक्टोबरमध्ये दुसरा तुकडा घेतला. ब्लॉक मीच केला. फेसाळ पेशी नव्हत्या, नुसतं व्रणाचं घट्ट जाळं. मॅडमनी आणखी काही आठवडे गोळ्या चालू ठेवल्या आणि मग थांबवल्या. वर्षानुवर्षांनीही हा आजार परत येऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दुर्बीण. नाकाची रुंदी तशीच राहिली, व्रण मऊ होत नाही. आवाज थोडा घोगराच आहे. खड्याचं भोक बुजून गेलं. आतेबहिणीचं लग्न दुसरीकडे, मूर्तिजापूरला झालं. बैठकीत फुफाजींनी कोणी न विचारता रिपोर्टची झेरॉक्स पुढे ठेवली. आतेबहीण चिडली होती. मला तिचं चिडणं पटलं.

गेल्या पावसाळ्यात आत्याचा फोन आला. त्यांच्या वेचणीच्या टोळीतल्या एका बाईच्या नाकात मांस वाढलंय, तालुक्याला ऑपरेशन ठरलंय. "मी तिले म्हनलं, मांस फेकू नको देऊ. दोन डब्या न्या लागते. बराबर हाय ना?" मी म्हटलं बरोबर आहे. "मंग मी येतो तिच्यासंगं मंगळवारी," ती म्हणाली. दोघी दर्यापूरच्या एसटीने आल्या, आत्याच्या हातात त्या बाईची पिशवी होती आणि चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या. तिचं साधं पॉलिपच निघालं.